दोन शब्दांनी दमलेला माइक

मित्रांनो, सगळ्यात आधी एक विनंती. मला फुंकू नका. मी चूल नाही, मी एक जुना माइक आहे.

आणि बोटानं टकटकही करू नका. आत कुणी झोपलेलं नसतं. मला सगळं ऐकू येतं, तोच तर माझा त्रास आहे!

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा सोलापूरच्या एका दुकानात काचेमागे होतो. तिथून लोहाऱ्याच्या जाफरभाईंनी मला आणलं. त्यांचा मंडप-स्पीकरचा धंदा. पहिल्या दिवशी त्यांनी मला रुमालात गुंडाळून एसटीत मांडीवर बसवलं होतं. हल्ली मी पोत्यातून प्रवास करतो, सतरंज्यांच्या खाली. जाळीला पोचा आलाय, मानेला काळी चिकटपट्टी आहे. असो. त्याबद्दल मी काही बोलणार नाही.

सुरुवातीला माझं लई कौतुक झालं. "काय खणखणीत आवाज हाय!" असं लोक म्हणायचे. मी बारशाची नावं सांगितली, हरवलेल्या शेळ्या शोधून दिल्या. पण खरा वैताग सुरू झाला तो सत्कारांचा.

आमच्याकडं लग्न असो, बारसं असो, नाहीतर नव्या बोअरला पाणी लागलेलं असो, आलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं नाव माझ्यातून पुकारायचं आणि त्याला शाल-नारळ द्यायचा. एखादं नाव राहिलं की तो माणूस रुसून जेवत नाही, आणि त्याचे भाऊबंदही ताटावरून उठतात. ज्याचा सत्कार होतो तो मला हातात घेऊन म्हणतो, "दोनच शब्द बोलतो." मित्रांनो, एवढ्या वर्षांत दोन शब्द बोलणारा माणूस मला अजून भेटायचाय!

यंदाच्या स्नेहसंमेलनात तर कहरच झाला.

जाफरभाईंची झरीन सातवीत. तिची शाळा सातवीपर्यंतच आहे. स्वतः लिहिलेली विनोदी कथा सांगायला सरांनी तिला निवडलं होतं. घरी ती माझ्यासमोर सराव करायची, मी बंद असताना. हातवारे काय, डोळे काय! जाफरभाई दारात आले की लगेच गप्प.

"स्टेजवरच ऐका, अब्बा."

"अगं, एक ओळ तरी?"

"अर्धी पण नाही."

दुपारी बाराला लाइट जाते हे शाळेत पहिलीच्या वर्गालाही ठाऊक होतं. म्हणून कार्यक्रम सकाळी ठेवला. पण सूत्रसंचालन गौरीशंकर सरांकडं होतं. सर तसे भले, पण मी हातात आलो की त्यांना काही सुचत नाही. म्हणजे फारच सुचतं.

आधी प्रमुख पाहुणे आण्णासाहेबांचा सत्कार. मग शाळा समितीच्या सगळ्या आजी-माजी सदस्यांचा. मग जे सहज डोकावायला आले होते त्यांचाही. शाली संपल्या! तेव्हा सरांनी खुर्चीवर काढून ठेवलेली एक शाल हळूच घडी घालून पुन्हा तबकात ठेवली.

आण्णासाहेब डोळे बारीक करून म्हणाले, "सर, ही माझीच न्हाय का?"

"छे छे, एकाच दुकानातल्या आहेत."

"मग तिच्यात माझा चष्मा कसा?"

सगळी शाळा हसली. झरीन हसली नाही. ती स्टेजच्या पायरीवर उभी राहून घड्याळाकडं बघत होती.

तेवढ्यात पहिल्या रांगेतले गुरुलिंगअप्पा उठून चपला शोधू लागले. त्यांच्या आजोबांनी शाळेला जागा दिलेली, आणि नेमकं त्यांचंच नाव राहिलं होतं.

"आमी काय इथं सतरंज्या उचलायला आलोय व्हय?"

सर धावले. "अप्पा, तुमचंच नाव घेत होतो!"

"मघापासनं सगळ्या गावाचं घेतलं, सर. म्हशींचं तेवढं राहिलं!"

शाल उरली नव्हती, म्हणून अप्पांना दोन नारळ मिळाले. मग अप्पांनी मला धरलं. "दोनच शब्द बोलतो." आजोबांपासून सुरुवात झाली. आजोबांची विहीर झाली, विहिरीवरची मोट झाली, मोटेचा बैल झाला. बैलाचा स्वभावही झाला! माझ्या जाळीवर थुंकीचे तुषार उडत होते. मला ओरडावंसं वाटत होतं, पण माझा स्वतःचा आवाज कुठं असतो?

शेवटी एकदाचा बैल संपला. सर म्हणाले, "आणि आता, ज्याची आपण सगळे आतुरतेनं वाट पाहत होतो..." त्यांनी मला झरीनच्या हातात दिलं. तिनं श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि लाइट गेली.

"जाफरभाई, बॅटरी?" सरांनी विचारलं.

"मुरुम गावच्या लग्नाला गेलीय, सर."

"मग राहू दे, बाळ. माइकशिवाय कसं व्हायचं? पुढच्या वर्षी नक्की."

"पुढच्या वर्षी मी इथं नसते, सर." झरीन म्हणाली. मग तिचा आवाज एकदम चढला. "आणि तुमचा पहिलीचा वर्ग माइकशिवायच शेजारच्या गल्लीपर्यंत ऐकू येतो की!"

तिनं मला गुरुलिंगअप्पांच्या हातात कोंबलं. "काका, हे जरा धरा."

आणि ती ओरडली, "एक जीप होती! लोहाऱ्याहून मुरुमला जायची. तिच्यात सगळं गाव मावायचं. फक्त ड्रायव्हर मावत नव्हता!"

शेवटची रांगही हसली.

"ड्रायव्हर बिभीषण मागं वळून विचारायचा, 'अजून एक बसतंय का?' आतनं सगळे म्हणायचे, 'बसतंय की! तुमी उतरा!'"

अप्पा इतके हसले की मी त्यांच्या मुठीत गदागदा हललो. आण्णासाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. आणि जाफरभाई? लाइट नसलेल्या स्पीकरच्या मशीनचं आवाजाचं बटण ते पिरगाळून मोठं करत होते, मान पुढं काढून, तोंड उघडं टाकून.

मला वाईट वाटलं का? वाटलं थोडं. मी नसतानाही तिचं काही अडलं नाही. पण माझ्यासमोर एवढे लोक खरोखर ऐकत बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

जीप अर्ध्या वाटेत असतानाच, रोजच्यापेक्षा लवकर, लाइट आली. स्पीकर खाकरला. सर पळतच अप्पांकडं आले. "द्या इकडं, दोन सत्कार राहिलेत!"

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी जिवंत होतो, त्यांच्याच हातात होतो. मी मनात म्हटलं, आला, पुन्हा बैल आला!

अप्पांनी अंगठ्यानं माझं बटण खाली ओढलं. खट्.

"बसा की खाली, सर. ती जीप मुरुमला पोचू द्या आधी."

म्हणून सांगतो, मित्रांनो. माझी वायर पिरगाळू नका, मला पोत्यात फेकू नका. पण जुन्या माइकची खरी काळजी घ्यायची असेल, तर त्या बटणाची ओळख करून घ्या. ते खालीसुद्धा येतं.