सात बदामांची शुगर

हेमचंद्र महाराजांच्या फायद्याचा हिशेब अगदी सोपा होता: बदाम मोंढ्याच्या बाजारातला, भाव मंत्राचा. गारखेड्यातल्या मंगल कार्यालयात दर गुरुवारी सकाळी थेट सिल्लोड-गंगापूरहून मधुमेही यायचे. आधी प्रसाद, मग शुगरची तपासणी, मग हात धुऊन 'शुद्धी', सात मंतरलेले बदाम आणि पुन्हा तपासणी. चारशेची दीडशे! पहिला बदाम यकृताला, दुसरा स्वादुपिंडाला, असं करत सातव्याला शुगर शरण येते, असं महाराज सांगायचे. मधल्या चार बदामांचा पत्ता कुणी विचारला नाही.

सर्जेरावांनी याच भरवशावर इन्सुलिन सोडलं. तीन महिन्यांत पायाची दोन बोटं कापावी लागली. श्रद्धा कमी पडली, असं महाराज म्हणाले आणि सर्जेरावांना ते पटलं. आता पाऊलच जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं, तरी गडी ऐकेना.

त्यांची लेक रत्नमाला नर्स. दोन गुरुवार ती गर्दीत बसून नुसती बघत राहिली. तिसऱ्या गुरुवारी उठली आणि महाराजांचंच बोट मागितलं.

"आम्हाला शुगर नाय, बाई."

"म्हणूनच. निरोगी माणसाचा आकडा बघू द्या की लोकायला."

लोकांनाही ते पटलं. रत्नमालानं आधी महाराजांच्या हातावर प्रसादाचा शिरा ठेवला. महाराजांनी हात मागं घेतला.

"प्रसाद नाकारायचा नसतो, महाराज. तुम्हीच सांगता."

सगळं कार्यालय बघत होतं. घेतला. त्यांच्याच मशीनवर आकडा आला चारशे एकसष्ट. मशीन बिघडलं म्हणाले. तिनं त्यांचा हात साबणानं धुतला, कोरडा केला, पुन्हा टोचलं. एकशे आठ. बदाम एकही नाही.

मग तिनं सगळ्यांना उलगडून सांगितलं. मधुमेही प्रसाद खात नाही, पण नाकारतही नाही. हातात घेतो, कपाळाला लावतो, शेजारच्याला देतो. साखर बोटाला चिकटते, रक्ताच्या थेंबात मिसळते आणि मशीन तीही मोजतं. हात धुतला की चमत्कार.

पुढच्या रांगेतल्या चंपाबाईंनी विचारलं, "मग बदाम खायचे का नाय, पोरी?"

"खा की, मावशी. मूठभर, बिनमिठाचे, बिनसाखरेचे. शेंगदाणेबी चालतात. बिस्किटापेक्षा लई बरं, शुगर एकदम चढत नाय. पण ते खाणं हाय, औषध नाय. गोळी, इंजेक्शन डॉक्टरला विचारल्याबिगर सोडू नका."

तिथूनच तिनं पोलिसांना फोन लावला. महाराज मागच्या दाराकडं सरकले, तर तिथं सिल्लोडवाले आधीच उभे होते. सर्जेराव कुणाकडं न बघता लेकीला म्हणाले, "इन्सुलिनची सुई आणलीय का?"

आकडा मशीनचा असला तरी तो कसा आला, हे विचारा. महाराजांची कोठडी चार दिवसांची; मग जामीन. सर्जेरावांचं पाऊल वाचलं. दोन बोटांचा दंड मात्र त्यांनीच भरला.