वाजवायची कवळी

“अगं, सोड ती भांडी! म्हातारे आले टीव्हीवर!” बाहेरून नवऱ्याने हाक मारली, तेव्हा बाई ओट्याशी उभ्या राहून एकच पातेलं उगाच पुन्हा पुन्हा घासत होत्या.

गल्लीत त्यांना सगळे कवळीबाई म्हणत. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून उभा जन्म त्यांनी लोकांच्या कवळ्या केल्या होत्या. डॉक्टर ठसा घेत, बाई ठशावरून दात बसवत. या धंद्यात कौतुकाची आशाच नको. कवळी चांगली झाली तर कोणाला कळत नाही आणि बिघडली तर गावभर कळतं.

पडद्यावर चार म्हातारे बसले होते. एकाकडे व्हायोलिन, एकाच्या गळ्यात अकॉर्डियन, एक ड्रमवाला आणि कडेला क्लॅरिनेट मांडीवर घेतलेले उस्ताद. एकेकाळी रेडिओवर यांचा कार्यक्रम लागला की नवरा भरल्या ताटावरून उठत असे. आज कितीतरी वर्षांनी ते एकत्र वाजवणार होते.

“थेट कार्यक्रम आहे,” नवरा खुशीत म्हणाला. “चुकलं तर चुकलं. पुसायला रबर नाही!”

बाई पदराला हात पुसत येऊन खुर्चीच्या कडेवर टेकल्या.

उस्तादांच्या वरच्या जबड्यात त्यांचा स्वतःचा एकही दात उरला नव्हता. जे होते ते बाईंच्या टेबलावरून गेलेले. “बाई, बाकी तिघांनासुद्धा ठाऊक नाही. घरीदेखील बोलू नका,” असं त्यांनी हात जोडून सांगितलं होतं. आणि बाई काही तोंडात तीळ न भिजणाऱ्यांपैकी नव्हत्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडाची कामं केल्यावर माणूस स्वतःचं मिटायला शिकतोच.

पहिली कवळी त्यांनी फार मन लावून केली होती. सरळ, एका ओळीत बसलेले दात. आरसा पाहून उस्ताद नव्या नवरदेवासारखे लाजले होते. त्यांचा मूळचा समोरचा दात वाकडा, शेजारच्यावर चढलेला. त्यापायी हा माणूस जन्मभर तोंडावर हात धरून हसला होता, फोटोत ओठ मिटून बसला होता.

पण थोड्याच दिवसांत ते पडलेल्या चेहऱ्याने परत आले. मागच्या खोलीत त्यांनी क्लॅरिनेट तोंडाला लावली. मधले सूर कसेबसे निघाले, वरच्या सुराला मात्र ओठांच्या कडेने फुस्स करून हवा गेली आणि सूर फाटला. पन्नास वर्षं क्लॅरिनेटचं टोक त्या वाकड्या दाताच्या खोबणीत टेकत आलं होतं. सरळ दातांवर ते घसरत होतं. बाईंनीच केलेला देखणेपणा नडला होता.

“चारचौघांत एकदा असा सूर फाटला ना बाई,” उस्ताद म्हणाले होते, “की लोक म्हणतील, म्हातारा संपला. मग मी पुन्हा हिला हात लावणार नाही.”

मग बाईंनी त्यांच्याकडून जुना फोटो मागवून घेतला. बायकोने नकळत काढलेला, हसतानाचा एकुलता एक. त्यावरून दुसरी कवळी केली, वाकड्या दातासकट. सूर सरळ निघाला. उस्तादांचं तोंड मात्र वाकडं झालं. “म्हणजे पुन्हा तेच थोबाड!”

“ही वाजवायची. ती जेवायची आणि मिरवायची,” बाईंनी बजावलं होतं. “कार्यक्रमाला हीच लावा.”

“लावतो की.”

पडद्यावर निवेदिकेने काहीतरी गमतीचं विचारलं आणि उस्ताद तोंडभर हसले. सगळे दात एका ओळीत.

मिरवायची लावून आला होता हा माणूस!

“बघ, या वयात दात बघ कसे!” नवरा म्हणाला. “नाहीतर आम्ही.”

“हं.”

वादन सुरू झालं. सगळे मिळून वाजवत असताना क्लॅरिनेटखाली एक बारीक फुसफूस ऐकू आली.

“कसला गं आवाज?”

“टीव्हीचाच असेल.”

“नीट ऐक हां. शेवटी बाकीचे थांबतात आणि उस्ताद एकटा वर जातो.”

ते बाईंना सांगायला नको होतं. तोच तुकडा त्यांच्या खोलीत फाटला होता. ‘बदल रे बाबा,’ त्या मनातल्या मनात म्हणाल्या. ‘पाया पडते, बदल.’

उस्तादांनीही ती फुसफूस ऐकली असावी. व्हायोलिनची पाळी आली तसे ते थांबले, कोटाच्या खिशातून रुमाल काढला आणि खोकला आल्यासारखे पाठमोरे झाले. व्हायोलिनवाल्याने तिकडे एकदाच पाहिलं आणि संपत आलेला आपला तुकडा पुन्हा पहिल्यापासून धरला. अकॉर्डियनवाला वाजवता वाजवता उठला, सरकला आणि उस्तादांच्या आणि कॅमेऱ्याच्या मधे उभा राहिला. ड्रमवाल्याने विनाकारण झांज वाजवली. कोणी कोणाला खूण केली नाही.

त्या तिघांना सगळं ठाऊक होतं. किती दिवसांपासून, कोण जाणे. बाईंना एकदम भरून आलं.

“आज फारच लांबवतायत,” नवरा कुरकुरला. “पूर्वी एवढं नव्हतं.”

मग तिघेही थांबले. उस्ताद वळले आणि क्लॅरिनेट ओठांना लावली. सूर वर चढत गेला, आणखी वर गेला आणि तिथे अख्खा उभा राहिला. नवरा चष्मा काढून डोळे पुसत होता.

टाळ्यांचा कडकडाट झाला. उस्तादांचा हात सवयीने तोंडाकडे निघाला, अर्ध्यावर थांबला आणि खाली आला. ते हसले. समोरचा वाकडा दात, शेजारच्यावर चढलेला, सगळ्या जगाला दिसला.

नवऱ्याने चष्मा लावून पडद्याकडे पाहिलं. “अगं, याचे दात मघाशी सरळ होते ना?”

“नंबर वाढला असेल तुमचा,” बाई म्हणाल्या. आणि नवऱ्याला दिसू नये म्हणून हात मांडीवरच ठेवून त्यांनी हळूच टाळ्या वाजवल्या.