नवसाचे चार खांब

सुनंदाबाईंनी चौदा महिने केळं तोंडात घातलं नव्हतं. घर फैजपूरजवळच्या खेड्यातलं, शेत केळीचं. ओट्यावर घड, माजघरात घड, आल्यागेल्याच्या पिशवीत एक फणी ठरलेली. आणि घरधनीण तेवढी केळ्यांकडे पाठ करून भाकरी खायची. जितेंद्र फौजेतून आफ्रिकेतल्या एका डोंगराळ मुलखात शांतिसेनेत गेला, त्या दिवशी त्यांनी देवापुढे हात जोडले होते. पोरगा सुखरूप येऊ दे. मग सत्यनारायण घालीन, त्याच्याच हातानं आणलेले केळीचे चार खांब चौरंगाला बांधीन, आणि प्रसादाच्या शिऱ्यातलं केळं खाऊन नेम सोडीन.

"देवानं तुले केयंच सोडाले सांगितलं?" यजमान बन्सीलाल म्हणायचे. "कारलं सोडलं असतं तं माह्याही जिवाले आराम पडला असता."

"जे आवडत नाही ते सोडून देवाले काय देल्यासारखं होते?" सुनंदाबाई हळूच म्हणायच्या आणि तुळशीला पाणी घालायला निघून जायच्या. त्यांचा आवाज कधी ओट्याखाली उतरत नसे.

आता जितेंद्र घरी येऊन चार दिवस झाले होते. डाव्या भुवईवर बोटाएवढा व्रण होता, बाकी पोरगा धडधाकट. तिकडे छावणीवर दगडफेक झाली, एक ट्रक जळाला, हे त्यानं फोनवर सांगितलं होतं. कुणी दगावलं नव्हतं. का झालं म्हणून विचारलं, तर "लोक भडकले, माय," एवढंच म्हणाला होता. सुनंदाबाईंनीही ओढून विचारलं नाही.

पण उद्यावर पौर्णिमा आली आणि खांब काही घरी येईनात. पहिल्या दिवशी तो म्हणाला, थकलो. दुसऱ्या दिवशी विळा बोथट होता. तिसऱ्या दिवशी विळ्याला धार लावून गेला आणि रिकाम्या हातानं परत आला.

"जितू, मजुराच्या हातून आनू का?" बन्सीलालनी विचारलं.

"नवस त्याच्या हातचा हाये," सुनंदाबाई म्हणाल्या. चौथ्या दिवशी सकाळी गाईला चारा टाकून, माळ पुरी करून त्या स्वतःच पोराच्या मागोमाग शेतात गेल्या.

जितेंद्र बांधालगतच्या ओळीत उभा होता. हातात विळा. समोर चांगली सरळ, घड न धरलेली केळ. पूजेला अशीच लागते. त्यानं हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

"काऊन रे बाबा?"

तो दचकला नाही. आई मागं आहे हे त्याला ठाऊक असावं. विळा बांधावर ठेवून तो खाली बसला. सुनंदाबाईही पदर सावरून शेजारी बसल्या.

"माय, मांगच्या श्रावणात तू फोनवर म्हनली होती, तठीच पूजा करून घे."

"हो. केली ना तू? फोटो धाडला होता."

"त्या फोटोतले खांब पाहाले?"

सुनंदाबाईंनी पाहिले होते. शेजारच्या भिकुबाईंना मुद्दाम दाखवले होते. आफ्रिकेतही आपल्या देवाला केळीचे खांब मिळाले म्हणून किती समाधान वाटलं होतं त्यांना!

"ते मी आनले होते. छावणीच्या तारेपलीकडे पायवाटेच्या कडेले केयी होत्या. आपल्यापेक्षा उंच. त्या लोकांचं खानंच केयाचं, शिजवून खातात. मी घड नसलेल्या चार पाहून कापल्या. वाटलं, कोनाचं नुकसान नको. एक म्हातारी धावत आली. छाती पिटाले लागली, काही बोले. मले वाटलं पैसे मागते. मी तिच्या हातात बिस्किटाचा पुडा देला अन् आलो."

"मंग?"

"पूजा झाली. आरती चालू होती तवाच गेटवर बाया जमल्या. मंग मानसं आली. मंग दगड." त्यानं भुवईला हात लावला. "आमचा दुभाष्या तठलाच होता, त्यानं दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्या गावात लेकरू झालं का त्याची नाळ केयीच्या बुडाशी पुरतात. ती केय त्या लेकराची. तिचं फळ विकत नाहीत, घरातलेच खातात. म्हातारीच्या तीन महिन्यांच्या नातीची केय मी कापली."

सुनंदाबाईंनी पहिल्यांदा विचारलं ते एकच, "ती पोरगी कशी हाये?"

"चांगली हाये. आम्ही निघालो तवा आजीच्या पाठीले बांधलेली पाहाली. अन् केयीलेही बुडातून नवं पील फुटलं होतं."

"देवा, पावला रे," त्या पुटपुटल्या. मग म्हणाल्या, "पन एका केयीसाठी सारं गाव उठलं?"

"एका केयीसाठी नाही. आम्ही पहिल्यांदा गेलो तवा लेकरं हात हालवायची. मंग आमच्या तारेत त्यांची झऱ्याची वाट गेली. बायांले पान्यासाठी डोंगराले वळसा पडाले लागला. आमच्या ट्रकची धूळ त्यांच्या वाळवणावर. एका राती लुटारू आले, गावच्या गायी हाकलून नेल्या. दोन मानसं आमच्या गेटवर रडत आली. आमाले बाहेर पडाचा हुकूम नव्हता. आम्ही तारेतून पाहात राह्यलो, माय. सकाळी आमच्या भटारखान्यातून पराठ्याचा वास गावात गेला असंल." तो हसला, पण ते हसू नव्हतं. "एवढं सारं त्यांनी गिळलं. मंग मी विळा घेऊन गेलो. अठी मी तुहा जितू. तठी मी परकी फौज होतो."

पाटाचं पाणी ओळीत शिरत होतं.

"साहेबांले सांगितलं तू?"

तीच गाठ होती. चौकशी झाली. वर लिहून गेलं की बाहेरच्या लोकांनी अफवा पसरवली म्हणून दंगल झाली. जितेंद्रला विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं, मी पूजेत होतो. ते खोटं नव्हतं. आता चौकशीचाच आणखी एक कागद त्याच्या ट्रंकेत होता : कारणाबद्दल काही सांगायचं असेल तर लिहावं, सुट्टी संपल्यावर सहीनिशी द्यावं. ती जागा कोरी होती. यंदा हवालदारीच्या यादीत त्याचं नाव होतं. लिहिलं तर ते राहील का जाईल, कुणी सांगावं?

"तू काय म्हनतं, माय?"

पूजा कर म्हणून सुनंदाबाईंनीच सांगितलं होतं. खांबाशिवाय पूजा होत नाही असंही म्हटलं होतं. देवाचं काम म्हणून पोरगा गेला, आणि दुसऱ्याच्या देवघरात पाय पडला.

"तुही नाळ आपल्या न्हाणीमांगं पुरली हाये," त्या सावकाश म्हणाल्या. "तुह्या आजीनं, हळदकुंकू वाहून. बंदूकवाल्या कोन्या परक्यानं येऊन ती जागा खोदली असती अन् माह्या हातात बिस्किटं ठेवली असती, तं..."

"तं काय केलं असतं?"

"पहिला दगड मीच मारला असता."

जितेंद्र पाहातच राहिला. कुत्र्याला हाड म्हणतानाही आवाज न चढवणारी आपली आई! मग तो खो खो हसला, चार दिवसांत पहिल्यांदा. सुनंदाबाईंनाही हसू आवरेना. पदर तोंडाशी धरून त्या हसल्या.

"लिही बाबा," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "झऱ्याचं लिही, गायींचं लिही, केयीचंही लिही. बिस्किटाचंही. हवालदारी देवाच्या हाती. अन् खांब कापू नको. पिलं काढ. मुळासकट, चार. नवस तुह्या हातच्या खांबाचा हाये, कापलेल्याच खांबाचा असं मी काही बोलली नव्हती."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चौरंगाच्या चार कोपऱ्यांना पत्र्याच्या चार बादल्या होत्या आणि त्यांत गुडघ्याएवढी चार पिलं मातीसकट उभी होती. गुरुजींनी चष्मा वर करून पाहिलं.

"आक्का, हे खांब आहेत?"

"होतील, महाराज. जरा धीर धरा."

"खांब कायचे, खांबाची लेकरं हायेत," भिकुबाई बायांतून म्हणाल्या. "सत्यनारायणाले वाकून बसा लागंल आज." सगळा ओटा हसला. गुरुजीही हसले आणि त्यांनी पिलांना हळदकुंकू लावलं.

दुपारीच जितेंद्रनं दोन पानं भरून कागद लिहिला होता. सुनंदाबाईंनी तो वाचायला मागितला नाही. घडी करून कलशाखाली मात्र ठेवायला लावला. कथा झाली, आरती झाली. बन्सीलालनी शिऱ्याची पहिली मूद आणून बायकोच्या हातावर ठेवली.

"घे. आता तरी कारलं सोड."

चौदा महिन्यांनी केळ्याची चव जिभेवर आली. सुनंदाबाईंनी डोळे मिटले. शिरा गरम होता, केळं विरघळून गेलं होतं, आणि मनात ती दूरची नात आली, आजीच्या पाठीवर बांधलेली.

सकाळी जितेंद्र बादल्या घेऊन न्हाणीमागं गेला. जागा भिकुबाईंच्या भिंतीला लागून होती. कुदळ उचलली, पुन्हा खाली ठेवली आणि त्यानं भिंतीवरून हाक मारली.

"काकू, अठी केयी लावू का? तुमच्या भिंतीले पानी लागंल, म्हनून विचारतो."

भिकुबाई राखेचे हात घेऊन बाहेर आल्या. "लहानपनी माह्या पेरूवर चढतानी कवा विचारलं नाही मेल्यानं! अन् आता फौजेतून विचाराले शिकून आला." मग जागा पाहून म्हणाल्या, "लाव. जरा हातभर अलीकडं घे. अन् पहिल्या घडाची एक फणी माही."

"दोन देतो," जितेंद्र म्हणाला आणि हातभर अलीकडं सरकून त्यानं पहिला खड्डा घेतला. चुलीपाशी सुनंदाबाई भाकरी थापत होत्या. कुदळीचा आवाज त्यांना ऐकू येत होता. ताटलीत भाकरीशेजारी त्यांनी एक केळं सोलून ठेवलं होतं.