हिराबाईचं पुसट झालेलं शेत

मी फोटो बोलतोय. लग्नाचा नव्हे, बारशाचाही नव्हे, हिराबाईच्या शेताचा.

माझा जन्म सूर्यमाळच्या उतारावर झाला, २००९ साली. पुढे हिराबाई उभी, मागे कापणीला आलेली नागली, तिच्या नवऱ्याने रचलेले दगडी बांध, मोहाचं झाड आणि पार मागे डोंगर. वनजमिनीच्या दाव्याला मला जोडायचं होतं. "शेत नीट दिसला पाहिजे," असं गावकमिटीच्या भिकाने तिला बजावलं होतं. तिने फोटोवाल्या सुदर्शनला एवढंच सांगितलं, "भाऊ, चांगला काढ."

इथेच घोळ झाला. सुदर्शनचा मोखाड्याला स्टुडिओ, आणि नाशिकला आठ दिवसांचा क्लास करून आलेला. महागड्या कॅमेऱ्यात माणूस तेवढा रेखीव येतो, मागचं सगळं विरघळतं. याचा कॅमेरा साधा, म्हणून तो ती करामत कॉम्प्युटरवर करायचा. लांबचं जास्त पुसट, जवळचं कमी. आधी डोंगर, मग मोह, मग बांध, शेवटी नागली. खोटं कशाला बोलू, मीही फुशारून गेलो. नटायला कुणाला आवडत नाही?

पावणेदोनला हिराबाई स्टुडिओत आली आणि कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर थबकली.

"माझा शेत कठं गेला रं?"

"मावशी, मागचं ब्लर केलंय. बघा, तुम्ही कशा उठून दिसताय!"

"माझा तोंड कोनाला बघायचाय? शेतासाठी फोटो काढला ना! आज शेवटला दिस हाय. चारच्या आत कागद कचेरीत द्यायचा."

सुदर्शनच्या तोंडचं पाणी पळालं. दोनला लोडशेडिंग, वीज यायची ती सहाला. कॉम्प्युटरची बॅटरी कधीच मेलेली. मूळ फोटोवरच त्याने नवा सेव्ह केला होता, आणि संध्याकाळच्या बारशासाठी कॅमेऱ्याचं कार्डही पुसून ठेवलं होतं. आता एकच वाट उरली होती. केलेलं एकेक रद्द करत मागे यायचं. पण मागे येता येतं ते वीसच पावलं, आणि तेही वीज आहे तोवर.

पहिली सात पावलं हिराबाईच्या कानातल्याची चकाकी काढण्यातच गेली. मेल्या, तुला कुणी सांगितलं होतं ते चमकवायला! मला धडकी भरली होती. हिराबाई खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी होती. बाराव्या पावलाला नागलीची कणसं उमटली. सोळाव्याला बांध.

"त्यो बघ, आमच्या म्हाताऱ्यानं लावलेला दगड!"

विसाव्याला मोह उभा राहिला आणि वाट संपली. डोंगर पुसटच राहिला. राहू दे, डोंगरावर तिचा दावा नव्हता.

दोनला तीन मिनिटं कमी. प्रिंटर कुरकुरत मला वरून खाली कागदावर उतरवू लागला. डोंगर आला, मोह आला, हिराबाईचा चेहरा, बांध, सगळी नागली. तिच्या कमरेपर्यंत आलो आणि पंखा थांबला. वीज गेली.

सुदर्शनने मला हलक्या हाताने ओढून काढलं. खालचा कागद कोराच होता. "मावशी, अर्धाच आला. पाय गेले तुमचे."

तिने मला कडेला धरून उजेडात नेलं. "शेत आला नं सगला?"

"आलं."

"मंग झाला. पाय माझं माझ्याकडंच हायेत. त्यांनीच जायचाय कचेरीत."

आणि ती निघालीसुद्धा.

कागद वेळेत पोहोचले. तेव्हापासून मी कचेरीतल्या एका जाड फायलीत टाचून पडलोय. निकाल अजून लागलेला नाही. वर कागद, खाली कागद, जीव घुसमटतो. साहेब, तुमच्या पाया पडलो असतो, पण माझ्यात पायच नाहीत. फाइल उघडाल तेव्हा हिराबाईकडे नाही पाहिलंत तरी चालेल. तिच्या मागे बघा.