टिकणारी चकती

कुत्रीचा मागचा पाय अपघातात गेला, तेव्हापासून मुलाने आईला बजावलं होतं, "आता तिला पळवायचं नाही." आई मात्र तिला घेऊन थेट प्राण्यांच्या खेळण्यांच्या दुकानात गेली. दुकानदाराने फेकून झेलायची कापडी चकती दाखवली. "तीन पायांच्या कुत्रीला ही पुष्कळ झाली, मावशी."

"दात सगळे शाबूत आहेत तिचे. हिच्या चिंध्या करेल ती." आईने जाड रबराची चकती पिळून पाहिली. सोडताच ती पुन्हा सपाट झाली. "हीच द्या."

मैदानात मुलगा तोंड फुगवून उभा होता. आईने चकती भिरकावली. कुत्री उड्या मारत धावली आणि तोंडावर आपटली. मुलगा पुढे सरसावला.

"थांब! तिची ती उठेल," आईने दरडावलं.

कुत्री उठली. चकती दातांत धरून ऐटीत आली आणि मुलाच्या पायाशी टाकून भुंकू लागली. त्याने ती नाइलाजाने जवळच फेकली.

"अरे, लांब फेक!" आई ओरडली.