मागच्या भिंतीला टेकवू नका

“अहो, डोळे मिटून पडा की जरा. आधी साहेबांची सुई होऊ दे.”

मोतीबिंदू काढून तिसरा दिवस होता. संध्याकाळी सातला थेंब घालायचे, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्वच्छ अक्षरात लिहून दिलं होतं. पण सातला साहेबांची सुई असायची. मी काळा चष्मा काढून मान वर करून बसलो आणि बायको बोक्याच्या मानेची कातडी चिमटीत धरून त्याच्याशी बोलत राहिली.

“झालं हं, राजा. मुंगी चावली बघ एवढीशी.”

राजा! अडतीस वर्षांच्या संसारात मला कोणी राजा म्हटलेलं नाही. कामावर फ्रिजचा कंप्रेसर उचलताना कंबर धरली तेव्हा माझ्यापुढे बामची बाटली सरकवण्यात आली होती, तीही झाकण न उघडता.

“सात वाजून गेले,” मी म्हणालो.

“पाच मिनिटांनी काय बिघडतंय? तुम्ही बोलून तरी दाखवता. त्या मुक्या जीवाने कुणाला सांगायचं?”

या मुक्या जीवाला घरात मीच आणलं होतं. सहा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या नव्या फ्रिजच्या खोक्यात तो सापडला. मुठीएवढा होता. मी त्याला पिशवीत घालून आणला आणि हिच्या ओंजळीत ठेवला. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा कसा मारून घ्यायचा, हे कुणाला शिकायचं असेल तर माझ्याकडे यावं. वजन वाढलं, रुबाब वाढला, म्हणून नाव पडलं साहेब. मग या साहेबांना मधुमेह झाला आणि घराचं घड्याळ त्यांच्या नावावर झालं. सकाळी सात, संध्याकाळी सात. पूर्वी सात म्हणजे माझी कामावरून यायची वेळ असे. जिन्यात माझा पाय वाजला की ही चहाचं आधण ठेवायची. आता ते आधणही गेलं.

इन्सुलिनची बाटली अंगठ्याएवढी. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी हिला बजावलं होतं : हलवायची नाही, उन्हात ठेवायची नाही, फ्रिजच्या दारात नाही आणि गोठू तर अजिबात द्यायची नाही. ही घरी येऊन मला विचारती झाली. मी फ्रिजमध्ये हात घातला आणि मधल्या फळीवर, पुढच्या अंगाला जागा दाखवली. “इथे. पाच डिग्री.” तिने तिथे स्टीलचा छोटा डबा ठेवला आणि त्यात बाटली. पडताळून पाहायचीसुद्धा गरज तिला वाटली नाही. शेजारणींना ती सांगायचीच, “ह्यांच्या बोटांत पारा भरलाय. हात लावून आकडा सांगतात.”

लोकांच्या घरी दुरुस्ती झाली की मी एक सूचना हमखास देतो. फ्रिजमध्ये मागच्या भिंतीला काही टेकवू नका. तिथे गारवा उतरतो, भाजी काचेसारखी कडक होते. चाळीस वर्षं हे वाक्य बोलतोय.

त्या संध्याकाळच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ही बहिणीकडे गेली. जाताना मला म्हणाली, “त्याला हात लावू नका, नुकताच डोळा लागलाय त्याचा.” माझ्या डोळ्याचं काही विचारलं नाही. दार लागलं. साहेब माझ्याच खुर्चीत, माझ्याच पंच्यावर पसरले होते.

मी माझे दुपारचे थेंब काढायला फ्रिज उघडला. बाटली डब्यातून काढली आणि बोटाने मागे ढकलली, पार भिंतीला टेकेपर्यंत. मग थंडी वाढवायची चकती फिरवून शेवटच्या आकड्यावर नेली. रागाच्या भरात झालं, असं म्हणायची सोय आहे, पण रागाच्या भरात माणूस चकती फिरवत नाही. मी त्या बोक्यावर जळत होतो आणि ते जळणं मला थांबवायचं होतं.

पाचला पाहिलं, तर बाटलीत पांढरा खडा झाला होता. मग मात्र घाबरलो. मुठीत धरून बसलो. खडा विरघळला, औषध पुन्हा पाण्यासारखं नितळ झालं. बाटली डब्यात, चकती जागेवर. कुणाच्या बापाला कळलं नसतं. गोठून वितळलेलं औषध दिसायला तसंच राहतं, फक्त त्यातला जीव गेलेला असतो.

साहेब भांडंभर पाणी पिऊ लागले. आठवड्यात पाठीचा कणा हाताला लागायला लागला. पुढच्या आठवड्यात ते मागचे पाय टाचेपर्यंत टेकवत चालू लागले. आणि मला वाटलं होतं ते झालंच नाही. ज्याला बाजूला सारायला गेलो, त्याने तिच्या मांडीवर कायमचा मुक्काम ठोकला. ही जेवेनाशी झाली. एकदा स्वयंपाकघरात गेलो तर ही संत्र्याला सुया टोचत बसलेली.

“हे काय चाललंय?”

“माझाच हात चुकत असणार हो. औषध बाहेरच सांडत असेल केसांत. वय झालं माझं, नीट दिसत नाही आता.” तिने पदराने डोळे पुसले. “माझ्या हाताने मरतोय तो.”

मी तिथे बोलायला हवं होतं. मी म्हणालो, “डॉक्टरीणबाईंना दाखवून आण.”

ती त्याला पेटीत घालून घेऊन गेली आणि मी निघालो औषधाच्या दुकानात. चिठ्ठी दाखवून तशीच नवी बाटली घेतली. दुकानदाराने बर्फाची पिशवी दिली. बर्फ आणि बाटली यांच्यामध्ये मी रुमालाची चौपदरी घडी घातली, छातीशी धरून सावलीसावलीने घरी आलो. जुनी बाटली अर्धी झाली होती. म्हणून नव्यातलं औषध सुईने काढून मोरीत सोडलं, दोन्हींची पातळी डोळ्यांसमोर धरून जुळवली. जुनी वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकली. झाकलं, मिटलं. आता बोका सुधारेल, ही जेवेल. दुरुस्ती करणाऱ्याला आणखी काय हवं?

पावणेसातला ही आली. साहेब पेटीतून बाहेर पडून भिंतीला टेकत चालले.

“साखर खूप चढलीय. बाई म्हणाल्या, औषध कमी पडतंय. आजपासून दोनच्या जागी चार युनिट.”

ती डबा घेऊन बसली. चष्मा लावला. सुईत औषध ओढताना तिचे ओठ हलत होते. एक, दोन, तीन, चार. चांगल्या, ताज्या, जिवंत औषधाचे चार. साखर एकदम खाली गेली की जनावर आकडी येऊन मरतं, हे तिनेच मला पहिल्या दिवशी घाबरून सांगितलं होतं.

तिने मानेची कातडी उचलली.

“थांब.”

“आता काय? सात वाजले.”

“दोनच दे.”

“बाईंनी चार सांगितलेत.”

“ती बाटली नवी आहे. मी आज आणली.” मी तिच्या हातातल्या सुईकडे बोट दाखवलं. “जुनीत काही उरलं नव्हतं. मीच ती मागच्या भिंतीला लावली होती. मुद्दाम.”

तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिने कातडी सोडली. बोक्याच्या डोक्यावरून हात फिरवला, तोच हात थोडा वेळ स्वतःसमोर धरून पाहिला.

“म्हणजे माझा हात बरोबर होता,” ती म्हणाली.

“हो.”

“मी संत्र्याला टोचत बसले होते. तुम्ही बघत होतात.”

तिने सुई फेकली, दुसरी घेतली, दोन ओढले आणि टोचले. या वेळी मुंगीबिंगी काही म्हणाली नाही. मग हात धुऊन माझे थेंब आणले. माझी मान वर केली, पापणी ओढली, एक थेंब सोडला. वेळेवर. परिचारिका सोडते तसा.

साहेब आता सुधारलेत. पुन्हा फ्रिजवर उडी मारतात आणि वरून माझ्याकडे बघतात. मी त्यांच्यावर जळणं सोडून दिलंय. ही माझ्याशी बोलते, वाढते, कपड्यांना इस्त्री करते. शेजारणीचा फ्रिज बिघडला तेव्हा मलाच बोलवायला सांगितलं. पण माझ्या बोटांतल्या पाऱ्याचं काही बोलली नाही.

त्याच आठवड्यात तिने बाजारातून एक काचेची नळी आणली. फ्रिजमध्ये लावायचा थर्मामीटर. मधल्या फळीवर, डब्याला लागून तो उभा केला. मेस्त्रीच्या घरात थर्मामीटर. त्या टीचभर काचेचा मला जेवढा हेवा वाटतो, तेवढा त्या बोक्याचाही कधी वाटला नव्हता.

आज सकाळी सातला तिने फ्रिज उघडला. मी मागेच उभा होतो. गार हवा गालाला लागली.

“पाच आहे,” मी म्हणालो.

तिने केसांतला चष्मा खाली ओढला, वाकली आणि नळीवरचा आकडा वाचला. पाचच होता. मग तिने डबा उचलला आणि दार लावून घेतलं.