मिनाओकाच्या पायऱ्या

बेळगावच्या वडगावात ज्यांच्या घरात माग आहेत त्यांना मोठ्यानं बोलायची सवय असते. सौम्याच्या घरात दोन माग होते. तिचे आप्पा, परशराम, सकाळी सातला ते चालू करायचे ते दिवे लागेपर्यंत, आणि त्या खडखडाटात घरातलं सगळं बोलणं ओरडूनच व्हायचं. फक्त माडीवरच्या खोलीत सौम्या आणि ऋतिका हळू बोलायच्या. तिथं त्या दोघी ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, बघत बसायच्या.

ऋतिका जवळच्या येळ्ळूर गावची. नववीत दोघी एका बाकावर आल्या आणि शाळा सुटली तरी त्यांची जोडी सुटली नाही. ऋतिकाच्या भावाच्या जुन्या फोनवर त्यांनी पहिली जपानी मालिका बघितली, ती मारामारीची होती. त्यांना काही ती फारशी रुचली नाही. पण एका भागाच्या शेवटी त्यातली मुलगी दमून घरी निघाली आणि दोन-तीन मिनिटं नुसतं शहर दिसत राहिलं. उतारावरची अरुंद गल्ली, कठड्यावर वाळत टाकलेली चादर, रेल्वेचं फाटक पडताना वाजणारी घंटा, कोपऱ्यावर उजळलेलं थंड पेयांचं यंत्र, आणि आभाळभर विजेच्या तारा.

"तारा बी काढल्यात बघ गं," ऋतिका म्हणाली. "आपल्याकडं कोण चित्र काढलं तर तारा सोडून काढतंय."

त्या दिवसापासून त्या मालिका बघायच्या त्या शहरांसाठी. दर तीन महिन्यांनी नव्या मालिकांची यादी यायची. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. हे महिने त्यांना परीक्षेच्या तारखांपेक्षा पक्के पाठ होते. तीस-चाळीस नव्या मालिकांचे पहिले भाग त्या चाळायच्या आणि ज्यात शहर जिवंत वाटेल ती धरायच्या. गोष्ट पुढं रटाळ झाली तरी सोडायच्या नाहीत. सौम्या तर वहीत त्या शहरांचे नकाशे काढायची. पूल इथं, मुलीचं घर इथं, मग ती शाळेला जाताना बेकरी डाव्या हाताला कशी येते, यावर दोघींचा वाद व्हायचा.

"तू हितं ऱ्हायाला जाणार असल्यागत भांडालीस," ऋतिका हसायची.

"जाणारच हाय," सौम्या म्हणायची.

बी.कॉम. झाल्यावर टिळकवाडीतल्या एका क्लासला त्या खरोखरच जपानी शिकायला लागल्या. तिकडं म्हाताऱ्यांची देखभाल करायला माणसं हवी आहेत, भाषेची आणि कामाची परीक्षा पास झालात तर जाता येतं, असं क्लासच्या बाईंनी सांगितलं होतं. दोन वर्षं घासून दोघी पास झाल्या. दोघींची निवड एकाच ठिकाणी झाली. मिनाओका नावाचं समुद्राकाठचं मध्यमसं शहर, डोंगरउतारावर वसलेलं. तिथला एक वृद्धाश्रम. एका खोलीत दोन पलंग.

जायला दीड महिना उरला असताना आप्पांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. सौम्या एकुलती. आई मागासाठी सुताच्या कांड्या भरायची, पण आप्पांना उचलून बसवणं तिच्या एकटीच्यानं होणारं नव्हतं. सौम्यानं कुणाशी चर्चा केली नाही. क्लासमध्ये जाऊन आपलं नाव काढून घेतलं आणि मग ऋतिकाला सांगितलं.

"मग मी बी न्हाय जात," ऋतिका म्हणाली.

"जा म्हणतीया न्हवं. तू तिथं असलीस म्हंजे मला ते शहर खरं वाटंल."

जूनमध्ये ऋतिका गेली. येळ्ळूरच्या वेशीवर तिचा हा मोठा फ्लेक्स लागला. "येळ्ळूरची सुकन्या जपानला रवाना." खाली मंडळाच्या पंधरा पोरांचे फोटो. सौम्यानं त्या फ्लेक्सचा फोटो काढून तिला पाठवला आणि दोघी फोनवर पोट धरून हसल्या.

त्यानंतर दर रविवारी दुपारी तीनला फोन. तिकडं तेव्हा साडेसहा झालेले असायचे. सुरुवातीला ऋतिका भरभरून बोलायची. मग जरा कमी. ऑक्टोबरनंतर व्हिडिओ बंद झाला. हॉस्टेलवर नेट कमी केलंय, म्हणाली. सौम्यानंही ते मनावर घेतलं नाही. आप्पांना भरवायचं, पुसायचं, अर्धा दिवस माग चालवायचा, यातून रविवारची ती पाऊण तासाची वेळ निघत होती हेच तिला पुष्कळ होतं.

जानेवारीची यादी आली आणि सौम्या माडीवर एकटीच किंचाळली. एक नवी मालिका मिनाओकातच घडत होती! शहराचं नावसुद्धा बदललं नव्हतं. आजीचं केशकर्तनालय चालवायला परत आलेल्या मुलीची साधी गोष्ट, आणि मागं ते सगळं शहर. तिनं रविवारची वाट न बघता फोन लावला.

मग ऋतिका म्हणाली, "तूच बघ. मी त्यातच ऱ्हाते की, मी काय बघू?"

तरी दर रविवारी त्याच गोष्टी निघायच्या. हिरव्या सीटांची ट्राम खरंच आहे का? हाय की, पण सकाळी बसाय जागा मिळत न्हाय. मासळीबाजाराजवळचं ते बटाट्याच्या कटलेटांचं दुकान? हाय, म्हातारा लई खडूस हाय. सौम्या विचारायची एक आणि ऋतिका सांगायची दोन. आणि त्या पायऱ्या? शहराच्या मागून डोंगरावर जाणाऱ्या दगडी पायऱ्या, वर एक छोटी घंटा. मालिकेतल्या मुलीला रडू आलं की ती तिथं जाऊन बसते.

"परवाच चढलते," ऋतिका म्हणाली. "घंटा वाजवली तुझ्या नावानं."

सौम्यानं ते आप्पांना सांगितलं. आप्पांना आता बोलता येत नव्हतं, पण त्यांनी डावा हात हलवून घंटा वाजवल्यासारखं केलं.

फेब्रुवारीत आप्पा गेले. सकाळी चहाचा घोट घशाखाली उतरला नाही, आणि अकराच्या सुमारास संपलं. माणसं जमायच्या आधी सौम्यानं पहिला फोन ऋतिकाला केला. दोघी बोलल्या नाहीत, नुसत्या रडल्या. फोन ठेवताना ऋतिका म्हणाली, "मी तिथं असते तर गं, पळत आले असते."

पुढचे दिवस सौम्यानं त्या एका वाक्यावर काढले. बाराव्यापर्यंत घरात येणारं-जाणारं चिक्कार होतं, पण तिला ज्या एका माणसाच्या खांद्यावर डोकं टेकायचं होतं ते समुद्रापार होतं, आणि त्याला कुणाचा इलाज नव्हता. पळत आले असते, म्हणाली ना. तेवढं पुरे.

मार्चमध्ये मालिका संपत आली. मालिका करणाऱ्यांची एक मुलाखत जपानी संकेतस्थळावर आली होती. सौम्या शब्दकोश हाताशी घेऊन ती वाचायला बसली. शहराची चित्रं ज्यांनी केली त्या गृहस्थांना विचारलं होतं, सगळी ठिकाणं खरी आहेत का? त्यांनी उत्तर दिलं होतं की ट्राम, बाजार, बंदर, सगळं जसंच्या तसं आहे. फक्त घंटेच्या पायऱ्या मिनाओकात नाहीत. त्या माझ्या आईच्या गावातल्या आहेत, मुलीला रडायला जागा हवी म्हणून मी आणून ठेवल्या.

सौम्यानं तो परिच्छेद तीनदा वाचला. आपलं जपानी कच्चं आहे, असं स्वतःला समजावलं. मग एकेक शब्द वेगळा काढून पुन्हा वाचला. नाहीत म्हणजे नाहीत.

रविवारी तीनला तिनं इकडचं-तिकडचं काही काढलं नाही.

"ऋतिका, त्या पायऱ्या तिथं न्हाईत. मालिकेत घातल्यात त्यांनी."

पलीकडं कुठलं तरी दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"कटलेटवाल्या म्हाताऱ्याचं बी तू मालिकेतलंच सांगत होतीस न्हवं? तू बघत होतीस. मी विचारीन म्हणून आधी बघून ठेवत होतीस."

मागून कुणीतरी कन्नडमध्ये नर्सला इकडं बोलावलं, "सिस्टर, बर्री इल्ली!"

"कुठं हायस तू?"

सौम्याला वाटलं फोन कटला.

"निपाणीत," ऋतिका म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सौम्या निपाणीला गेली. बसस्टँडपासून दहा मिनिटांवर एक खाजगी दवाखाना, त्याच्या मागं तंबाखूची वखार. वाऱ्याबरोबर उग्र वास येत होता. ऋतिका फिक्या निळ्या गणवेशात बाहेर आली. गालांची हाडं वर आली होती. दोघी वखारीच्या भिंतीच्या सावलीत उभ्या राहिल्या. मिठी वगैरे काही झालं नाही.

"कधी आलीस?"

"ऑक्टोबरात. चार महिने काढले तिथं."

"कुणी तरास दिला?"

"कोण न्हाय. सगळी चांगली होती. शहर बी तसंच हाय सौम्या, तारा, फाटक, उतार, सगळं. तसंच हाय, तेच तर." ती भिंतीचा पोपडा नखानं काढत होती. "सुट्टीच्या दिवशी मी फिरायची. एका रविवारी सकाळपासून रात्रीपर्यंत मी एकच वाक्य बोलले. दुकानात. 'पिशवी नको.' आपण माडीवर बसून बघायचो ना, ती एकटी घरी चाललेली असायची आणि आपल्याला किती बरं वाटायचं. कारण आपण दोघी होतो गं. तिला कसं वाटत असंल हे आपण कधी बोललोच न्हाय."

"मग यायचं होतं घरी."

"कुठल्या तोंडानं? वेशीवर तो फ्लेक्स. आणि तू. तू तुझी जागा सोडलीस आणि मी चार महिन्यांत पळून आले. कसं सांगू? दर आठवड्याला म्हणायची, पुढच्या रविवारी सांगते. मग ती मालिका आली. तू इतकी खूष होतीस." ती थांबली. "खरं सांगू? तिथं होते तेव्हा मला ते शहर दिसलंच न्हाय. हितं बसून तुझ्याशी बोलताना दिसलं."

इथवर सौम्यानं सगळं समजून घेतलं असतं. भीती, लाज, एकटेपणा, सगळं तिला कळत होतं. पण तिला एकच विचारायचं होतं, आणि ते विचारायला ती सकाळच्या पहिल्या बसनं आली होती.

"आप्पा गेले तेव्हा तू कुठं होतीस?"

ऋतिकानं मान वर केली नाही. "हितंच. ड्युटीवर."

"हितनं बेळगावला बस कधी असते?"

ऋतिका पुन्हा भिंतीचा पोपडा काढायला लागली.

"अर्ध्या तासाला एक असते," सौम्या म्हणाली. तिचा आवाज चढला, मागाच्या घरात चढतो तसा. "मी आज आले न्हवं, दोन तास बी लागले न्हाईत. आप्पांना उचलेपर्यंत तू पोचली असतीस. आणि तू मला म्हणालीस, तिथं असते तर पळत आले असते. मी ते धरून बसले गं. बारा दिवस दुसरं काय धरलं न्हाय मी."

"मी आलते," ऋतिका रडत म्हणाली. "तिसऱ्या दिवशी दुपारी. बेळगावच्या स्टँडावर उतरले. समोरच आमच्या गल्लीतली राजाबाई दिसली. तोंडाला ओढणी गुंडाळली आणि परतीच्या बसमध्ये बसले."

आलीच नसती तर बरं झालं असतं, असं सौम्याला वाटलं. दोन तास येऊन, तीन मैलांवरून ती परत फिरली होती. त्याच दुपारी सौम्या माडीवर जाऊन दार लावून एकटी बसली होती.

दवाखान्याच्या दारातून कुणीतरी ऋतिकाला हाक मारली. ती गेली नाही.

"घरी सांगशील?" तिनं विचारलं.

"मी कुणाला काय सांगणार न्हाय. तुझं तू सांग, सांगायचं तर. पण मला फोन करू नको."

"कधीच?"

सौम्याला "कधीच" म्हणता आलं नाही. तिनं ऋतिकाच्या गणवेशाची दुमडलेली कॉलर सरळ केली, हात सवयीनं गेला म्हणून, आणि ती चालायला लागली. मागून पावलं येतायत का हे ऐकत ती कोपऱ्यापर्यंत गेली. आली नाहीत.

बेळगावची बस अर्धी रिकामी होती. संकेश्वर येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत नीट बसली होती. संकेश्वर सोडल्यावर मात्र तिचा बांध फुटला, आणि ओढणी तोंडात कोंबली तरी हुंदका आवरेना. शेजारच्या सीटवर पांढऱ्या साडीतली एक म्हातारी बसली होती. चिकोडीकडची वाटत होती. बोलताना मराठीत कानडी हेल यायचा. तिनं पिशवीतली पाण्याची बाटली काढून सौम्याच्या मांडीवर ठेवली.

"घरातलं कोण गेलं काय गं बाळ?"

सौम्यानं मान हलवली. हो की नाही, तिचं तिलाच कळलं नाही.

"मैत्रीण," ती म्हणाली.

"अय्यो. वय काय व्हतं?"

"सव्वीस."

म्हातारीनं डोळे मिटून हात जोडले आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली. त्या सव्वीस वर्षांच्या पोरीसाठी असावं. सौम्यानं तिला थांबवलं नाही. खिडकीतून ऊन मांडीवर येत होतं, हत्तरगीचा टोलनाका मागं पडला, आणि म्हातारी तिचा हात हातात घेऊन अंगठ्यानं हळूहळू चोळत राहिली.